भोंग्याचा भागाकार

माझ्या साडभावाला मी माफ केलेलं नाही. माणूस म्हातारपणी मऊ होतो म्हणतात. मी झालो नाही, आणि होणारही नाही.

सुरुवात झाली धोंड्याच्या महिन्यात, सासुरवाडीला, हिंगणीला. आम्ही दोघं जावई जेवायला बोलावलेले. मी थोरल्या मुलीचा नवरा, कारंज्याच्या शाळेत शास्त्र शिकवणारा मास्तर. तो मधलीचा, पुलगावच्या मिलच्या हापिसात. केसांना तेल, अंगाला अत्तर आणि गळ्यात, त्याच्या मते, गंधर्व. मी मामंजींसाठी नवी कोरी बॅटरी नेली होती, हातातली, दोन सेलची. ओसरीवर सगळ्यांदेखत ती त्यांच्या हाती देऊन मी हिशोबही सांगितला, "मामाजी, रोज घडीभर लावा. महिनाभर पाहाची गरज नाई."

मामंजींनी बटण दाबलं. आत तांबूस काहीतरी दिसलं, विडीच्या टोकाएवढं, आणि तेही गेलं.

झालं असं होतं, की हिंगणीच्या रानवाटेने अंधारात येताना झुडपात काही खसफसलं की मी बॅटरी मारत होतो, आणि त्या दिवशी मला सगळंच खसफसताना ऐकू येत होतं. महिन्याचा उजेड मी जंगलातल्या सशांना वाटून आलो होतो.

साडभाऊ पानाला चुना लावत म्हणाला, "मामाजी, जवाई बी तसाच हाय. दांडा चमकते, उजेड नाई."

बायका पदराआड हसल्या. माझी बायकोसुद्धा हसली. त्या दिवसापासून हिंगणीत मी डिम जावई. विहिरीवर डिम, पारावर डिम. सासूबाई तोंडावर जवाईबुवा म्हणत, पण चुलीपाशी, "डिमले वाढा वं आंधी, त्यायले भूक जोरात लागते."

मी वाट पाहत राहिलो. धाकट्या मेहुणीचं लग्न ठरलं आणि बायकोने बातमी आणली, "काहो, भाऊजीनं मंगलाष्टक रचलं म्हनते. हिंगणीले रंगणी जुळवलं. तिसऱ्या कडव्यात तुमी हा."

"मी काऊन?"

"थोरले जवाई म्हनजे देवघरातली मंद समई, असं हाय म्हनते. चांगलंच हाय ना? देवघर बी आलं त्याच्यात."

मंद! आणि तेही भोंग्यावरून! मामंजी लग्नाला भोंगा लावणार होते. हिंगणीत वीज नव्हती, भोंगा ट्रकच्या बॅटरीवर चालायचा. तो शब्द एकदा शिंदीच्या शेंड्याला बांधलेल्या कर्ण्यातून गेला की पंचक्रोशीतली गुरंसुद्धा मला डिम म्हणून ओळखणार होती.

तार उपटणं सोपं होतं, पण मला ते नको होतं. तार उपटणारा दिसतो. शिवाय नुसता आवाज बंद पडून माझं पोट भरलं नसतं. तो छाती फुगवून तानेला लागावा, कर्णा त्याच्यासकट वर चढावा आणि नेमका तिथे, पहिल्या कडव्यातच, कर्ण्याचा प्राण जावा. कुणाचा हात नाही, काही नाही. बॅटरीच संपली, काय करता?

म्हणून भोंगा आणि बॅटरी कारंज्याहून आणायचं काम मी आपणहून अंगावर घेतलं. मामंजींना गहिवरून आलं. शेलूपासून पुढे बैलगाडीत बॅटरीची ती पेटी मी मांडीला लावून, तान्ह्या पोरासारखी सांभाळत नेली. त्यातलं तेजाब हिंदकळून माझ्या धोतरावर उडत होतं, ते तेव्हा कळलं नाही. पहिल्याच धुण्यात त्या धोतराची चाळणी झाली. पण ते पुढचं.

हिशोब मी शाळेतल्या फळ्यावर करून ठेवला होता. बॅटरीत साठ, भोंग्याचं मशीन तासाला खाणार सहा, म्हणजे दहा तास. बॅटरी जुनी, म्हणून तिसरा हिस्सा कापला. उरले साडेसहा-पावणेसात. लग्न गोरजावर. तिथून उलटं मोजत आलो आणि रेकॉर्डी किती वेळ वाजवायच्या ते ठरवलं. सकाळी इतका वेळ, मग जेवणावळीत बंद, मग दुपारी पुन्हा. बरोबर अंतरपाट धरताना बॅटरीत मांजराच्या जिभेवर मावेल एवढा जीव उरला पाहिजे.

सगळं ठरल्याप्रमाणे चाललं. जेवणाच्या वेळी रेकॉर्डी थांबल्या. भोंगेवाल्याने विचारलं, "मास्तर, मशीन बंद करू काय? पुन्हा गरम व्हाले टाइम घेते."

मी मठ्ठा ओरपत म्हटलं, "राहू दे चालू. मुका भोंगा काय खाते?"

हे वाक्य मी, शास्त्राचा मास्तर, बोललो. मशीनच्या आत व्हॉल्व्हच्या पाच बत्त्या धगधगत होत्या, मला दिसत होत्या, लाल. भोंगा बोलो की न बोलो, त्यांना पेटतं राहायला बॅटरी लागते आणि बहुतेक खाणं त्यांचंच असतं. दोन पंगती उठेपर्यंत त्या पाचही जणी माझी बॅटरी माझ्यासमोर जेवत होत्या, आणि मी त्यांच्याकडे पाहत बुंदी खात होतो.

दुपार कलली. वरात वेशीवर आली. थोरला जावई म्हणून स्वागताचा मान माझा. मी माईक धरला, घसा खाकरला.

"वरपक्षाकडील सर्व मंडळींचं हिंगणी ग्रामस्थांच्या वतीनं हार्दिक..."

हार्दिक काय ते कर्ण्याने सांगितलंच नाही. घरघर झाली, मग तीही नाही. मी तोंड उघडं ठेवून उभा. मांडवातून साडभावाचा आवाज आला, त्याला कर्णा लागतच नव्हता, "डिम इझले!"

अख्खा मांडव हसला. वरपक्षालाही पहिल्या पाच मिनिटांत माझं नाव कळलं.

तरी मी मनात म्हटलं, ठीक आहे. माझी अब्रू गेली, पण त्याचं कडवंही गेलं. आता गा म्हणावं मुक्या माईकपुढे. भोंगेवाल्याने सगळं बंद केलं आणि तो जेवायला बसला. नवरदेवाचे मित्र वाजंत्रीपुढे नाचत राहिले, मुहूर्त मागे सरकला, गोरज उलटायला आली. तेवढ्या वेळात ती थकलेली बॅटरी सावलीत पडून विसावा घेत होती. विसावली की तिच्यात पुन्हा थोडा जीव येतो, हेही मला ठाऊक होतं. पुस्तकात होतं. पुस्तक कारंज्याला होतं.

अंतरपाट धरला. साडभाऊ माईकपाशी गेला. भोंगेवाल्याने सहज खटका दाबून पाहिला आणि कर्णा खणखणला. पहिलं कडवं, दुसरं, रंगणी, हिंगणी, सगळं स्वच्छ. मी कर्ण्याकडे डोळे लावून मनात म्हणत होतो, मर, मर, आता मर. मग आली समई. "मंद" वर त्याने अशी तान घेतली की बोरच्या जंगलातून ती परत आली. "सावधान" झालं, अक्षता पडल्या आणि बॅटरी मेली. नंतर मामंजींना दोन शब्द बोलायचे होते, त्यांना ती मिळाली नाही.

लोकांनी त्याला खांद्यावर घ्यायचं तेवढं बाकी ठेवलं.

पुढच्या वैशाखात शेलूला चुलत मेहुणीचं लग्न. भोंगा पुन्हा मीच आणला, पण बॅटऱ्या दोन, दोन्ही नव्या, काठोकाठ भरलेल्या. साडभाऊ सुरू झाला. तीन कडवी संपली तसा मी पुढे होऊन म्हणालो, "वा, साडभाऊ! एक आनखी होऊन जाऊ द्या!"

त्याने मान तुकवून घेतलं. मग मी आणखी एक मागितलं. मग आणखी. त्याच्याजवळ तयार होतं ते संपलं, तसा तो जागेवर जुळवू लागला. अंतरपाट धरणाऱ्यांचे हात खाली आले, नवरा-नवरी एकमेकांना दिसू लागले. लोकांच्या मुठीतल्या अक्षता घामाने भिजल्या. कुणी कंटाळून आधीच टाकल्या, तर भटजी ओरडले. सूर्य पार बुडाला. मी पेट्यांवर हात ठेवून होतो. गरम नाहीत, काही नाही. चांगल्या पोटभर भरलेल्या.

शेवटी बायकांतून एक म्हातारी किंचाळली, "अवो, त्या भोंग्याले कोनी बंद करा ना बाप्पा!"

भोंगेवाल्याचा हात खटक्याकडे गेला. मी तो धरला. "तिले मशीन नाई म्हनाचं," मी साडभावाकडे बोट दाखवत म्हणालो.

तेव्हापासून तो भोंगा जावई. पुलगावच्या मिलमध्येही नाव पोचलं. ते कुणी पोचवलं, ते मी सांगणार नाही.

माझं नाव मात्र गेलं नाही. पुढच्या धोंड्याच्या महिन्यात आम्ही दोघं एकाच बैलबंडीतून हिंगणीला उतरलो. आतून सासूबाईंचा आवाज आला, "पाटं मांडा वं. डिम आन भोंगा आले."

साडभाऊ माझ्याकडे पाहून दात काढत होता. मीही काढले. त्याला अजून माहीत नव्हतं, की बंडीत माझ्या पायाशी पोत्याखाली काठोकाठ भरलेली बॅटरीची पेटी होती. जेवण झाल्यावर मामंजी त्याला गायचा आग्रह करणार होते. तसं मी त्यांना आधीच सांगून ठेवलं होतं.