गोंडपिपरीहून अटलांटिकला

गोंडपिपरीच्या बसस्टँडवर चंद्रपूरची गाडी लागली होती आणि आई माझ्या पिशवीत अजून एक डबा कोंबत होती.

"आई, होडीत जागा नसते गं."

"पोटात त असते ना?" ती म्हणाली. "आन् मले एक सांग पोरी, हवाईजहाज असताना थे लोकं शिडाच्या होडीनं काऊन जाते?"

मी निघाले होते ती शिडाच्या होड्यांच्या शर्यतीला. केपटाउन बंदरातून निघायचं, अख्खा दक्षिण अटलांटिक महासागर ओलांडून ब्राझीलचा किनारा गाठायचा. इंजिन लावायचं नाही, वारा नेईल तसं जायचं. होड्यांची ही शर्यत पुरी व्हायला तीन-चार आठवडे लागतात. नोकरीसाठी मुंबईला गेल्यावर मी एका छोट्या क्लबात शिडाची होडी चालवायला शिकले होते. तिथल्या ओळखीतून एका दक्षिण आफ्रिकी कप्तानाच्या होडीवर मला जागा मिळाली होती. बाबांनी माझी पिशवी वर चढवली. गाडी हलली तेव्हा खिडकीशी येऊन म्हणाले, "जय भीम, बेटा. सांभाळून जाजो."

केपटाउनच्या विमानतळावर अधिकाऱ्यानं आईचा डबा उघडला आणि मान मागे घेतली. आत उग्र वासाचे मोहफुलांचे लाडू होते. "ही दारू आहे का?" त्यानं विचारलं. "नाही, मिठाई आहे," मी म्हटलं. त्याला पटेना. शेवटी त्याच्यासमोर एक लाडू खाऊन दाखवला, तेव्हा सुटका झाली.

होडीवर चढले आणि आधी ती पावलांनी मोजली. आमच्या घराच्या पुढच्या खोलीएवढ्या जागेत चार माणसांनी झोपायचं, शिजवायचं आणि भांडायचंसुद्धा. कप्तान डेव्हिड साठीचा, पेशानं सुतार. आतली फळीन् फळी त्यानं स्वतः बसवलेली. मधोमध सागवानी टेबल होतं, त्यावर कोणी ओला कप ठेवला की तो मुकाट्यानं येऊन पुसायचा. या शर्यतीत तो पूर्वी दोनदा उतरला होता आणि दोन्ही वेळा मोडतोड होऊन परतला होता. आता गुडघे कुरकुरत होते; पुन्हा जमणार नाही, हे त्यानं पहिल्याच दिवशी सांगून टाकलं. रोझा पोर्तुगालची, नर्स. थेंबा केपटाउनच्या शाळेत खेळ शिकवायचा आणि कुठलीही गोष्ट जिंकण्यासाठीच करायचा.

कोठार सांभाळायचं काम मी मागून घेतलं. माझं लहानपण भामरागडला गेलं. बाबा तिथं शिक्षक होते. पावसाळ्यात नद्या चढल्या की रस्ता बंद. मग आईनं उन्हाळ्यात भरून ठेवलेल्या डब्यांवर घर चालायचं. तेल, मीठ, लाखोळीची डाळ, वाळवलेली आंबाडी, सगळं बेतानं. बाहेरचं माणूस दिसायचं नाही, तरी दिवस मजेत जायचे. महासागरात मला नवं होतं ते पाणी. अडकून राहणं सवयीचं होतं.

शर्यत सुटल्यावरचे पहिले दिवस मात्र वाईट गेले. मी बादलीला मिठी मारून पडून होते. रोझा चमच्या-चमच्यानं पाणी पाजायची आणि म्हणायची, "मरणार नाहीस. फक्त तसं वाटतंय." मग एका सकाळी जाग आली तर चक्क भूक लागलेली. त्या दिवसापासून मी होडीची झाले.

आमच्या पाळ्या लागलेल्या असायच्या. दोघं वर सुकाणूवर, दोघं खाली झोपलेली. झोपताना अंगावरून कापडी पट्टा बांधून घ्यायचा, नाहीतर लाट आली की माणूस जमिनीवर. शेगडी झुल्यासारखी टांगलेली. होडी कलंडली तरी भांडं सरळ राहायचं. भातात थोडं समुद्राचं पाणी घातलं की मीठ लागत नसे. जवसाची चटणी थेंबाला इतकी आवडली, की तो ती पावाला लावून खाऊ लागला. सकाळी डेकवर उडते मासे पडलेले सापडायचे, ते रोझा तळायची. दक्षिणेकडून येणारा वारा पाठीशी होता, पुढचं मोठं फुगीर शीड भरलेलं होतं, आणि आम्ही तिसऱ्या स्थानावर होतो. डेव्हिड सुकाणूवर बसून शीळ घालायचा.

त्या दुपारीही तो शीळ घालत होता. रेडिओ बोलू लागला आणि तो थांबला. मागच्या एका होडीचं सुकाणू तुटून गेलं होतं आणि तिथं पडलेल्या फटीतून पाणी आत येत होतं. होडीवर एक निवृत्त जोडपं होतं. नवऱ्याच्या बरगड्या मोडलेल्या. बायको एकटी पाणी उपसत होती. सर्वांत जवळ आम्ही होतो.

"एक मालवाहू जहाज येतंय ना त्यांच्याकडे?" थेंबा म्हणाला.

"दोन दिवसांनी," डेव्हिड म्हणाला.

"मग तेवढं टिकतील ते. डेव्हिड, आपण मागे फिरलो तर वारा तोंडावर. शर्यत संपली आपली."

डेव्हिडनं त्या फुगलेल्या शिडाकडे पाहिलं. मग विचारलं, "ती बाई दोन दिवस उपसू शकेल, असं तुला वाटतं?"

थेंबा उठला. तो पुढे गेला, आणि शिडाचा दोर सगळ्यात आधी त्यानंच सोडला.

परतीची वाट भयंकर होती. प्रत्येक लाट होडीच्या तोंडात मारत होती. दुसऱ्या दिवशी उजाडताना ती होडी दिसली, मान टाकलेल्या बैलासारखी. डेव्हिड खाली गेला आणि स्क्रू उघडण्याचा आवाज आला. वर आला तेव्हा त्याच्या हातात ते सागवानी टेबल होतं.

रबरी तराफ्यातून तो आणि मी पलीकडे गेलो. हाना नावाची ती बाई बादली हातात धरूनच उभी होती. बोटं उघडत नव्हती. मी ती हळूहळू सोडवली आणि उपसायला लागले. डेव्हिडनं आधी फट बुजवली. मग टेबलाची फळी एका शिडाच्या दांड्याला बोल्टांनी आवळून मागे सुकाणूसारखी बांधली. पहिल्यांदा ती निसटली. दुसऱ्यांदा दोर तुटला. संध्याकाळी होडीनं तोंड वळवलं, तेव्हा हाना मटकन खाली बसली आणि रडली. मी खिचडी टाकली.

नंतर रोझा बरगड्या बांधायला तिकडे आली आणि तिथंच राहिली. मालवाहू जहाजाला आता गरज नाही असं कळवून डेव्हिड आणि मी परतलो. होडीवरच्या सॅटेलाइट फोनवरून आठवड्यातून एकदा घरी बोलायची परवानगी होती, तो लावला.

"मागं फिरलो आई. नंबर गेला आता."

"थे बाई जेवली का?" आईनं विचारलं.

"जेवली."

"मंग ठीक आहे."

दोन्ही होड्या एकमेकींच्या नजरेत राहून ब्राझीलला पोचल्या. आमच्या मागे फक्त हानाची होडी होती. बक्षीस समारंभ होऊन गेला होता, मंडप उतरवत होते. धक्क्यावर उतरल्यावर थेंबानं डेव्हिडला विचारलं, "वाईट वाटतं?" डेव्हिड म्हणाला, "टेबलाचं वाटतं." मग दोघं इतके हसले, की दोर बांधायचा राहूनच गेला.

गोंडपिपरीला आले तर अंगणात सगळा मोहल्ला. "इतके दिवस काय पाह्यलं व तिथी?" शेजारच्या मावशीनं विचारलं. "पाणी," मी म्हटलं आणि सगळे हसले. मी लाटांचं सांगत सुटले, हातांनी उंची दाखवत. आई शांतपणे ऐकत होती. सगळे गेल्यावर म्हणाली, "मी काई समुद्र पाह्यला नाई. बाबांनं पन नाई."

हिवाळ्यात दोघांना कोकणात घेऊन गेले. बाबा लांब कोरड्या वाळूत बसले. आई मात्र चपला काढून सरळ पाण्यापर्यंत गेली. शर्यतीबद्दल विचारणाऱ्यांना मी हल्ली एवढंच सांगते: समुद्रावर माणूस फार थोड्या गोष्टींत सुखी राहतो, आणि त्यातली एक म्हणजे नजरेच्या टप्प्यात असलेलं दुसऱ्याचं शीड. आईला हे सांगावं लागलं नाही. तिनं ओंजळीत पाणी घेऊन पाहिलं.

"एवढ्या पान्यात भेव नाई वाटलं तुले?"

"वाटलं."

"बरं झालं," ती म्हणाली. "म्हंजे डोकं ठिकाणावर होतं."

आणि साडी जराशी वर धरून तिनं अजून एक पाऊल आत टाकलं.