मधला बांध

फुटबॉल जमिनीवरून खेळायचा असतो, आभाळातून नव्हे, हे आमच्या गावातल्या पोरांना सांगता सांगता माझा घसा कायमचा बसला. लढाईचे दिवस होते. मी शहापूरच्या शाळेत नवा मास्तर, आणि कल्याणच्या छावणीत गोऱ्या सोल्जरांच्या मॅची बघून माझं डोकं फिरलेलं. त्यांच्यातही दोन तट होते. एका तटाचा खेळ असा, की मागच्याने सणसणीत टोला हाणायचा आणि पुढच्याने धावत जाऊन बॉल गाठायचा. दुसरे लोक बॉल या पायातून त्या पायात असा फिरवत, की समोरच्याला नुसतं गोल गोल पळायला लागे. छावणीतला एक कारकून म्हणाला, विलायतेत यावरून माणसं हमरीतुमरीवर येतात. मला दुसरा खेळ आवडला. तो शिकवायला मी गावी आलो आणि पस्तावलो.

कारण आमच्या मैदानाच्या मधोमध बांध होता.

आमचं गाव सापगावच्या अलीकडे. भात कापून झालं की सपाट म्हणावी अशी जागा एकच, बाबांचं खाचर आणि त्याला लागून काकांचं. दोन्हींच्या मध्ये गुडघाभर उंच बांध. वाटणी झाल्यावर काकांनी तो वीतभर आमच्यात सरकवला, असं बाबा म्हणत. बाबांनी तो वीतभर काकांच्या बाजूला ढकलला, असं काका म्हणत. त्या एका वितीपायी सख्खे भाऊ नऊ वर्षं एकमेकांशी बोलले नव्हते. शेतात समोरासमोर आले तर बाबा आपल्या बैलाला सांगत, "त्याला म्हणावं, पाणी सोड." काका आपल्या बैलाला उत्तर देत. बैल बिचारे रवंथ करत उभे राहत.

अशा मैदानात पास देणार कसला, कपाळ? बॉल बांधावर आपटून परत आपल्याच पायात. काकांचा मुलगा, माझा चुलतभाऊ, मागे खेळायचा. घरची भांडणं आम्ही दोघांनी कधी मनाला लावून घेतली नाहीत. पण बॉल आला की हा गडी डोळे मिटून बांधावरून पलीकडे भिरकावून देई. मी ओरडायचो, "लांब नको हाणू रे! जवळ दे, जवळ दे!"

तो म्हणायचा, "मास्तर, मधी बांध हाय. वरनं नाय हाणू त काय खेकड्याच्या बिळातनं काढू?"

सगळे खिदळायचे. मला 'विलायतेचा जावई' म्हणायचे. त्याचं म्हणणं खरं होतं, त्याचाच मला जास्त संताप यायचा.

त्यात मुरबाडकरांचा निरोप आला. मॅचला येऊ, पण बांध असेल तर नाय. मागल्या साली त्यांच्या एका गड्याचा अंगठा त्या बांधावर फुटला होता. मी बाबांच्या मागे लागलो. चार दिवस त्यांनी मला जवळ उभं केलं नाही. पाचव्या दिवशी म्हणाले, "काढ बांध. पन सांजंला व्हता तितं, व्हता तेवढा घालायचा. बोटभर जरी हलला, त मी उद्या कोर्टात आन् तू या घराच्या भायेर."

काकांनीही आपल्या पोराला शब्दाला शब्द हेच बजावलं. अरे, अटसुद्धा एकच! मग एकमेकांना सांगायला काय तोंडं शिवली होती?

मॅचच्या दिवशी सकाळी आम्ही बांधाच्या दोन्ही टोकांना खूण म्हणून एकेक खुंटी ठोकली, बांध खणून काढला, ढेकळांचा ढीग कोपऱ्यात लावला आणि जागेवर फळी फिरवली. काय सुंदर मैदान दिसत होतं! पोरांना म्हटलं, आता तरी बॉल जमिनीवर ठेवा.

ठेवतात कसले! मधोमध आला की जो तो पाय उचलून उडी मारी. नसलेल्या बांधावरून! आणि बॉल? तो आभाळात. मुरबाडकर मात्र या पायातून त्या पायात, अगदी छावणीतल्यासारखे. वर्षभर मी ज्या खेळाची स्वप्नं बघितली तो डोळ्यांसमोर चालला होता, फक्त दुसऱ्यांच्या पायांनी. आम्ही तीन गोल खाल्ले. एक केला, तोही चुलतभावाच्या लांब टोल्यावर. "बघ," म्हणाला. मी त्याच्याकडे बघितलं नाही.

मुरबाडकर गेल्यावर बांध घालायला वळलो, तर खुंट्या नाहीत. इकडची नाही आणि तिकडचीही नाही. कडेचे बांधसुद्धा बघ्यांच्या पायांखाली बसून गेलेले. आमचा डावीकडचा गडी शांतपणे म्हणाला, "पायात येत व्हत्या. काढल्या."

"कुठनं काढल्यास?"

"हितनंच कुठनंतरी."

तेवढ्यात बाबा आणि काका आपापल्या वाटेने फावडी घेऊन आले. मी एका दमात सगळं सांगून टाकलं. आता डोकी फुटणार, आपलं बिऱ्हाड आजपासून शाळेच्या ओसरीवर, हे मी धरूनच चाललो.

बाबा ऐनाच्या झाडाकडच्या टोकाला गेले, इकडे तिकडे बघितलं आणि टाचेने खूण केली. काका तिथे आले. वाकून बघितलं. खूण होती तिथेच राहू दिली. मग दुसऱ्या टोकाला जाऊन त्यांनी टाच रोवली. बाबा तिकडे गेले, बघितलं, मान हलवली.

मग ती वीत कुठे गेली होती? नऊ वर्षं कशासाठी भांडलात? दोघांची डोकी एकमेकांवर आपटावीत असं मला वाटलं.

आम्ही फावड्यांना हात घातला, तर बाबा खेकसले, "व्हा बाजूला. तुमच्याच्यानं खेळ नाय झाला, बांध काय व्हनार?" ते खुणेपाशी उकिडवे बसले. काका ढिगापाशी उभे राहून तिथूनच ढेकळं फेकू लागले. एक फुटलं, दुसरं फुटलं. बाबांनी निरोप द्यायला बैल शोधला. बैल गोठ्यात होता. मग माझ्याकडे बघितलं. मी मुद्दाम ऐनाच्या शेंड्याकडे बघत राहिलो.

"लांबनं नको टाकू रे," बाबा म्हणाले. "जवळ ये. हातात दे."

काकांनी उगारलेलं ढेकूळ खाली घेतलं. मग म्हणाले, "बरं, दादा."

आणि जवळ येऊन त्यांनी ते बाबांच्या हातात दिलं. वर्षभर घसा फोडून मी दुसरं काय सांगत होतो?