पाहुणचार जरा जास्तच झाला

आमच्या तिघांच्या नात्याला इंग्रजीत एक लांबलचक नाव आहे म्हणे. इथे गोव्यात, डिचोलीत त्याला नाव नाही. नवरा आणि मी डिचोलीत राहतो, आणि मोरजीला दोन खोल्या पर्यटकांना भाड्यानं देणारा एक गृहस्थ आहे, त्याच्यावरही माझा जीव आहे. नवऱ्याला हे पहिल्यापासून ठाऊक, मीच सांगितलं. गावालाही ठाऊक असावं, पण तोंडावर कोणी विचारत नाही. पाठीमागे काय बोलतात ते नवराच मला हसत हसत आणून सांगतो.

खाणी बंद पडून नवरा दिवसभर घरी बसू लागला, तेव्हाची ही गोष्ट. मी मोबाईलवर कुठेसं वाचलं की अशा नात्यात ज्याच्या त्याच्या भावनिक गरजा विचारून घ्याव्यात. माझ्या डोक्यात एकदा काही शिरलं की मी कोणाला सोडत नाही. सकाळी पोदेर सायकलवरून पावाचे उंडे देऊन गेला, मी चहा ओतला आणि नवऱ्याला विचारलं, "अहो, तुमच्या भावनिक गरजा काय आहेत?"

त्यानं उंड्याचा तुकडा चहात बुडवला. "दुपारी जेवायला सुक्या सुंगटांचं किसमूर कर," म्हणाला.

मोरजीकराला विचारलं तर तो म्हणाला, "काही नाही." हा माणूस काही नाही म्हणाला की समजावं, पुष्कळ आहे. पण तेव्हा मला कुठली एवढी अक्कल!

उत्तर मिळो न मिळो, आपण न्यायानं वागायचं असं मी ठरवलं. म्हापशाच्या बाजारातून दोघांना एकाच कापडाचे शर्ट आणले. दोघंही नेमके एकाच दिवशी ते घालून समोरासमोर आले. "आपण बँडवाले दिसतो," नवरा म्हणाला. मोरजीकर हसला नाही. वास्तविक त्याला मी काही कमी पडू देत नव्हते. आला की जनेलाजवळची, वाऱ्याची बरी खुर्ची त्याची, गणपतीत चवथीला नेवऱ्यांची ताटली आधी त्याच्यापुढे. नवरासुद्धा त्याच्याशी असा अदबीनं बोलायचा, जणू बँकेचा मॅनेजर घरी आलाय.

चवथ तोंडावर आली असताना मी त्याला मयेच्या तळ्याकाठी भेटले. तो म्हणाला, "यंदा मी येत नाही. आणि पुढेही येईन असं धरून चालू नको."

"कशात कमी केलं मी तुझं?" मी तिथेच भांडायला उभी राहिले.

"कमी कुठे? तुमच्याकडे मला फार मान मिळतो," तो म्हणाला. "तो घेऊन मी मोरजीला जातो, आणि मग दोन दिवस कोणाशी बोलावंसं वाटत नाही."

आधी मला राग आला. मग भीती वाटली, कारण हा माणूस रुसत नाही, सरळ जातो. बसमध्ये बसून डिचोली येईपर्यंत मी रडत होते.

घरी येऊन नवऱ्याला सगळं सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं, मान खाजवली आणि म्हणाला, "फोन लाव त्याला." मी लावून दिला. "हे बघ," नवरा त्याला म्हणाला, "माटोळी बांधायला माणूस नाही. चवथीच्या आदल्या दिवशी सकाळी ये. येताना सुपारीचा घोस आण, आणि चांगला बघून आण, नाहीतर परत पाठवीन."

आमच्याकडे गणपतीच्या डोक्यावर लाकडी चौकट टांगतात आणि तिला रानातली फळं, नारळ, काकड्या बांधतात, ती माटोळी. बघायला सगळा गाव येतो, बांधतात मात्र घरचे. पाहुण्याला कोणी स्टुलावर चढवत नाही. मोरजीकर इतकी वर्षं येत होता तो माटोळी बांधून झाल्यावर, इस्त्रीचे कपडे घालून.

त्या सकाळी तो आला. जुन्या बनियनवर स्टुलावर चढला.

"डोळे मोरजीला ठेवून आलास काय रे?" नवरा खालून ओरडला. "काकडी बघ किती वाकडी बांधलीस."

"काकडी सरळ आहे, बाब. चौकट वाकडी आहे. तुम्हीच ठोकलीत ना?"

हे दोघं एकमेकांशी भांडतात, हे मी पहिल्यांदाच पाहत होते. मी आपली सवयीनं बशीत लाडू घालून पुढे गेले, तर दोघंही एकदमच माझ्यावर खेकसले, आत जा म्हणून. तेवढ्यात शेजारची काकी डोकावली आणि त्याला स्टुलावर बघून "हा तुमचा कोण लागतो?" म्हणून मला तोंडावरच विचारू लागली. मी शब्द जुळवत होते. तर हा वरूनच म्हणाला, "काकी, बाजूला सरा, नारळ पडेल." आणि काकी मुकाट्यानं सरली.

मी स्वयंपाकघरात येऊन पदरानं डोळे पुसले. पाठोपाठ नवरा आला. भिंतीकडे बघत म्हणाला, "तो कुठे जात नाही आता. पण एक ऐक. उद्या नैवेद्य झाला की पहिलं पान माझं वाढ. मग कोणाचंही वाढ." इतक्या वर्षांच्या संसारात त्यानं तोंड उघडून माझ्याकडे स्वतःसाठी काही मागितलं, ते हे. किसमूर सोडलं तर.

दुसऱ्या दिवशी मी त्याचं पान आधी वाढलं. सावकाश वाढलं, खतखतं, मुगागाठी, सगळं. तो मान खाली घालून बसला होता, कान लाल झाले होते. शेजारी मोरजीकर रिकाम्या पानासमोर ताटकळत होता. "बाय, मला भूक लागलीय," तो म्हणाला.

"जरा दम धर," मी त्याच्यावर डाफरले. त्यानं निमूटपणे धरला.