पोह्यांऐवजी भाजलेले पेरू

मुलगी बघण्याच्या कार्यक्रमाविरुद्ध मी पत्रक काढलं आणि त्याच आठवड्यात जळोचीला आमच्याच घरी तो कार्यक्रम ठरला. आईला बजावलं, पोहे नकोत आणि बशा घेऊन मी जाणार नाही, मुलगाच नेईल. पदार्थ सोपा निवडला. पेरू अर्धे कापून बिया काढल्या, वर चीज किसलं, मिरपूड टाकली आणि चीजला सोनेरी रंग येईपर्यंत ओव्हनमध्ये भाजले.

अट ऐकून मुलगा निमूट उठला आणि बशा घेऊन आला. माझ्या आजोबांनी त्याला आपादमस्तक न्याहाळलं.

"चाल सरळ हाय. चहा येतो का रं करायला?"

"येतो, आबा."

"साखर किती घालतोस?"

त्याला घाम फुटला. माझं पत्रक पहिल्यांदाच कुणाला तरी पटताना दिसलं.

त्याचे वडील इंदापूरचे, पेरूचे बागायतदार. त्यांनी वरचं चीज तेवढं खाल्लं. "पेरूची क्रेटं आमी रोजच भरतो," म्हणाले आणि हळूच आईकडे वळले, "वैनी, पोहं न्हायती व्हय?"

आईने पोहे झाकून ठेवलेच होते.

मुलाने मात्र पेरू संपवला. जाताना मला म्हणाला, "मी परत कुणाकडं मुलगी बघायला जाणार नाही."

मी त्याला होकार दिला नाही. पत्रकांचा गठ्ठा दिला.