चावी फिरवली की लाल दिवा लागलाच पाहिजे

"उतर खाली! चावी ठेव आन् चालू लाग! उद्यापासनं कामावर येऊ नगंस!"

बबनशेठ माझ्या गाड्यांच्या वायरिंगच्या दुकानासमोर आपल्या ड्रायव्हरवर खेकसत होता. गाडी त्याची, नुकतीच हिंजवडीच्या ऑफिसातल्या माणसांची ने-आण करायला लागलेली. आठवड्यात तीनदा बंद पडली, तिन्ही वेळा बॅटरी उतरलेली. आणि शेठनं निकाल देऊन टाकलेला : संतोष उभ्या गाडीत गाणी लावून बसतो!

"शेठ, टेप तर मी आलो तेव्हापासूनच बंद आहे की," संतोष काकुळतीला आलेला. लातूरकडचा माणूस, कामाला लागून तीन महिने झालेले. बायको-लेकीला गावाहून आणून पंधरा दिवसही झाले नव्हते.

"त्याच्या आधी चार वर्षं ही गाडी मी सोता चालवली! कोल्हापूर, नाशिक, एकदा बंद पडली न्हाई. आन् बॅटरीचा दिवा बी लागत न्हाई, म्हंजी चार्जिंग झ्याक हाय! आक्का, तूच सांग ह्याला!"

मला सांग म्हणाला ना? मग सांगतेच. पण जरा दम धरा.

"दिवा लागत नाही, म्हणजे सगळं ठीक" हे पौडच्या रस्त्यावर मी इतक्यांदा ऐकलंय, की माझ्या दुकानात वायरींपेक्षा किस्सेच जास्त साठलेत. अहो, चावी फिरवली, इंजिन अजून सुरू नाही, तेव्हा तो लाल दिवा लागलाच पाहिजे! इंजिन सुरू झालं की विझला पाहिजे. मुळात लागलाच नाही, तर चार्जिंग बिघडल्याचं तुम्हाला सांगणार कोण?

*

एक आजोबा जीप घेऊन आले. "आक्का, दिवा लागत न्हाई. दोघा मेकॅनिकांनी हात टेकले."

मी मीटरवर वाकून बघितलं. नातसुनेनं बरोबर दिव्यावर देवीचा स्टिकर चिकटवलेला!

हळूच सोडवून वर काचेला लावला. खाली दिवा लखलखीत. आजोबांनी आधी देवीला हात जोडले, मग मला. मी म्हटलं, "मला आधी जोडा. देवीनं दिवा झाकला हुता!"

*

बावधनचा एक सॉफ्टवेअरवाला. उतरल्या उतरल्या विचारतो, "आजी, मेकॅनिक कुठे आहेत?"

"तुझ्या म्होरं हुभी हाय!"

दिवा लागत नाही म्हणून त्याला कुणीतरी अख्खा मीटर बदलायला सांगितलेलं. मी चावी फिरवून ठेवली, बॅटरी चार्ज करणाऱ्या आल्टरनेटरची बारीक वायर काढली आणि गाडीच्या बॉडीला टेकवली. दिवा पेटला! म्हणजे बल्ब चांगला, वायर चांगली, दुखणं आल्टरनेटरच्या पोटात. आतले कार्बनचे ब्रश झिजून नखाएवढे झालेले. ब्रश बदलले, काम फत्ते.

"आजी, तुम्ही हे शिकलात कुठे?"

"फ्यूज उडवून उडवून!"

*

धरणाकडच्या एका रिसॉर्टचा मॅनेजर. भात कापलं की शेतातले उंदीर गाड्यांत बिऱ्हाड करतात, हे आम्हाला ठाऊक. तीच बारीक वायर कुरतडलेली. सांगितलं, तर साहेबांचं नाक वर : "आमच्या प्रॉपर्टीत उंदीर नाहीत!"

मी बोनेटच्या कोपऱ्यात हात घातला आणि त्यांच्याच नाश्त्याचा अर्धा पाव काढून त्यांच्या हातावर ठेवला. "मग ह्यो पाव्हणा कोन?"

*

आता बबनशेठ.

मी चावी फिरवली. लाल दिवा नाही. बारीक वायर बॉडीला टेकवली. तरी नाही. फ्यूज बघितला, तो शाबूत. म्हणून मीटर बाहेर काढला. बघते तर दिव्याच्या जागी बल्बच नाही! भोकात कागदाचा बोळा कोंबलेला, शेजारच्या बल्बचा उजेडही दिसू नये म्हणून.

लाल दिवा दिसला की पॅसेंजर घाबरतात, "गाडी बदला" म्हणतात. म्हणून बल्बच उपटायची खोड आमच्याकडच्या गाडीवाल्यांत जुनी. पण असल्या जुन्या गाडीत त्या बल्बमधनंच आल्टरनेटरला जाग येते. लांबच्या रस्त्याला गाडी जोरात पळाली, तर तो आपसूक जागा होतो. हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये मुंगीच्या पावलानं चालली, तर झोपलेलाच राहतो, आणि बॅटरी उतरते.

"बघितलंस? बल्ब काढून ठिवला भामट्यानं!" बबनशेठ उसळला. "आता तर पोलिसातच देतो!"

"आक्का, लेकीची शपथ, मी मीटरला हात नाही लावला." संतोषच्या डोळ्यांत पाणी.

मी बोळा मांडीवर ठेवला आणि सावकाश उलगडला. आमच्या गावच्या उत्सवाची देणगी पावती, तीन वर्षांमागची. देणगीदाराचं नाव ठळक शाईत. संतोष तेव्हा लातूरला होता.

बबनशेठ पुढं वाकला, आणि वाकलेलाच राहिला. रस्त्यावरची माणसं थांबून बघत होती. मी पावती त्याच्या हातात दिली.

"बबन, मोठ्यांदा वाच, आन् ज्याचं नाव हाय त्याला काढ कामावरनं!"