लोटन रडकी गाणी ऐकत नव्हता

लोटन गेल्याची बातमी मला मोबाईलवरच्या ग्रुपवर कळली. वर कुणीतरी टाकलेला गुलाब आणि 'शुभ प्रभात', खाली ठिबकच्या नळ्यांवर सवलत, आणि मधे माझा मित्र. काळ्या चौकटीत, गोरा करून. लोटनचा रंग तव्यासारखा. त्याला इतका उजळवला होता की मला आधी वाटलं, त्याचा सासरा गेला. एका कोपऱ्यात मेणबत्ती, दुसऱ्यात व्हायोलिन आणि खाली ओळ : 'दर्दभऱ्या गीतांचे निस्सीम चाहते, दोंडाईच्याचे सुप्रसिद्ध मिरची व्यापारी लोटन आबा यांना भावपूर्ण श्रद्धांजली.' अशा वेळी माणसाला आधी दुःख व्हायला हवं. मला आधी ओकारी आली, खरं सांगतो. चहा बशीत तसाच राहिला... खाली लोकांनी हात जोडायला सुरुवात केली होती. एवढे हात धुळ्याच्या मार्केट यार्डातल्या सगळ्या हमालांना मिळूनही नसतील. आणि त्या 'दर्दभऱ्या गीतां'बद्दल त्यातल्या एकाही हातानं 'अहो, ही थाप आहे' एवढे चार शब्द टाईप केले नाहीत.

लोटन आणि मी धुळ्याच्या कॉलेजात हॉस्टेलच्या एका खोलीत राहिलो. पुढे त्यानं दोंडाईच्याला वडिलांचा मिरचीचा धंदा धरला, मी जळगावात पिंप्राळ्याला विहिरीच्या मोटारी विकायला बसलो. मिरचीचा ट्रक घेऊन तो मुंबईला मस्जिद बंदरला जायचा आणि येताना फुटपाथवरून गाण्यांच्या जुन्या तबकड्या आणायचा, बोटीवरच्या खलाशांनी विकून टाकलेल्या. पहिली तबकडी त्यानं नुसत्या कव्हरावरून घेतली. कव्हरावर सुटाबुटातला एक काळा माणूस मांडीवर गिटार घेऊन असा बसलेला, की आत्ताच कुणाला तरी ओली मिरची सुकी म्हणून विकून आलाय. "हा आपल्यातलाच आहे," लोटन म्हणाला. ती निघाली विजेवरच्या ब्लूज गाण्यांची. अमेरिकेत दक्षिणेकडच्या कापसाच्या शेतात राबणारी काळी माणसं उत्तरेला शिकागोत कारखान्यांत कामाला गेली. तिथल्या दारूच्या गुत्त्यांत कल्ला एवढा, की साधी गिटार कुणाला ऐकूच येईना. मग त्यांनी ती विजेला जोडली. लोटनचं म्हणणं साधं होतं : "कापूस आपला, वीज आपली, कल्ला तर आपलाच. मग हे गाणं परकं कसं रे?"

आता ही थाप कुठून आली ते सांगतो, आणि यात माझ्या पदरचं फार थोडं आहे. लोटनची बैठक होती मिरचीच्या गोदामामागच्या खोलीत. मधे नुसती एक फळ्यांची भिंत. पलीकडे लाल मिरचीचे डोंगर, अलीकडे तबकड्यांचं यंत्र. येईल त्याला तो बसवायचा आणि ऐकवायचा. पहिलं गाणं संपेपर्यंत पाहुण्याचं नाक वाहू लागे, दुसऱ्याला डोळे, तिसऱ्याला माणूस उपरण्यात तोंड खुपसून हुंदके देई. जनावरांचे डॉक्टर एकदा इतके रडले, की बाहेर बांधलेल्या म्हशीनं दावं तोडलं. मिरचीचा ठसका आहे हे कुणाच्या डोक्यातच येईना, कारण दोंडाईच्याचा माणूस मिरचीनं रडतो हे कबूल करणं म्हणजे बेअब्रूच! सगळे डोळे पुसत बाहेर पडायचे आणि सांगायचे, "काय ते दर्द, आबा! काळजाले भिडनं." झालं. आबांची गाणी रडवतात अशी ख्याती तापीच्या दोन्ही काठांवर पसरली. शेवटी शेवटी तर अशी वेळ आली, की सासू मेल्यावर जिला रडू फुटेना अशी एक सून नातेवाइकांनी जीपमध्ये घालून गोदामात आणली. दीड गाण्यात काम झालं. जाताना त्यांनी लोटनला नारळ दिला. तो नारळ त्यानं असा भिरकावला, की सोनगीरच्या किल्ल्यावर जाऊन पडला म्हणतात. मी पाहिला नाही, पण लोटनचा हात मला माहीत आहे.

"रडतात, साले," तो मला फोनवर म्हणाला, "माझ्या मालानं रडतात आणि नाव त्याच्या गाण्याचं घेतात. तो माणूस तिकडं फुशारक्या मारतोय, घरमालकाला शिव्या देतोय, बायकोशी भांडतोय. आणि हे डोळे पुसतायत!"

दुसऱ्या दिवशी तो यंत्र आणि तबकड्यांची पेटी जीपमध्ये टाकून माझ्या दुकानात हजर. मिरचीपासून लांब, मोटारींच्या मधे त्यानं यंत्र मांडलं आणि आवाज जोडला तो एका जुन्या कर्ण्याला, निवडणुकीत रिक्षावर फिरतो तसल्या. मी म्हटलं, "अरे, हा फाटका आहे."

"फाटकाच पाहिजे. त्यांचाही फाटकाच होता."

मग त्यानं लावलं ते शब्दांवाचूनचं, नुसत्या माउथ ऑर्गनचं. वाजवणारा माणूस स्वस्तातला माईक आणि बाजा दोन्ही एकाच मुठीत दाबून फुंकतो, त्यामुळे आवाज चिरफाळत बाहेर येतो. जळायला आलेल्या साडेसात हॉर्सपॉवरच्या मोटारीला अचानक सूर सापडावा तसा. मागे ढोल दमादमानं, घाई नाही, जणू बैलाला माहीत आहे घर कुठं ते. तीन मिनिटांत खेळ खलास. मी हसत सुटलो. का, ते विचारू नका. गिऱ्हाईक मोटार तिथंच ठेवून निघून गेलं. लोटननं माझे डोळे बोटानं उघडून तपासले, कोरडे आहेत का ते, आणि मला मिठी मारली. पुढे त्यानं आख्ख्या पिंप्राळ्याला पुरेल एवढं भरीत मागवलं.

नव्या माणसानं सुरुवात कुठून करावी, यावर त्याचं मत पक्कं होतं आणि ते ऐकताना शिव्या गाळाव्या लागत. सुरुवात त्या तीन मिनिटांच्या तबकड्यांपासून, दुसरं महायुद्ध संपल्यानंतरच्या शिकागोतल्या. चार-पाच माणसं, एक खोली, एक माईक, पुन्हा करायला सवड नाही. आधी माउथ ऑर्गन, कारण त्याला इंग्रजी लागत नाही. मग तो जाड्या आवाजाचा माणूस, जो बोटात काचेची नळी घालून तारेवरून घसरवतो आणि गिटारला बोलायला लावतो. एक ओळ म्हणतो, तीच पुन्हा म्हणतो आणि तिसरीला सौदा पक्का करतो. लोटन म्हणे, हा तर आपला मिरचीचा लिलाव! भाव एकदा पुकारा, दोनदा पुकारा, तिसऱ्यांदा माल उचला. त्यानंतर गुत्त्यात लोकांसमोर वाजवलेलं एखादं, ज्यात बायका मधेच ओरडतात आणि गाणारा त्यांना उत्तरं देतो. आणि कान तयार झाला की मग दक्षिणेतलं, एकेक सूर मोजून वाजवणाऱ्या गिटारचं, मागे पितळी वाद्यांचा ताफा असलेलं. 'निवडक शंभर' असल्या जाडजूड संचांची त्याला किळस होती. ते म्हणजे, तो म्हणे, पंगतीत बसण्याआधीच पानातलं सगळं एकात एक कालवून देणं. घासूनपुसून चकचकीत केलेल्या आवाजाची त्याहून जास्त. आणि सगळ्यात जास्त त्या पुढच्या काळातल्या गोऱ्या पोरांची, जी डोळे मिटून अर्धा अर्धा तास एकट्यानं गिटार कुरतडत बसतात. "कुणाशी भांडायचंच नाही तर गातोस कशाला?" असं तो त्यांच्या फोटोला विचारी.

शेवटचा भेटला तो धुळ्याच्या दवाखान्यात. नाकात नळी. माझा हात धरला आणि म्हणाला, "पंकज माझ्या गंधमुक्तीला काहीतरी रडकं लावणार." पंकज म्हणजे त्याचा पुतण्या, लग्नं आणि वाढदिवस सजवण्याचा धंदा करतो. "तू तेवढं होऊ देऊ नको. एका तरी माणसाला कोरड्या डोळ्यांनी ऐकव. जमलं तर हसव. बाकी काही मागत नाही..." मी म्हटलं, तूच ऐकव की, चार दिवसांत घरी जाशील. त्यानं माझ्याकडे असं पाहिलं, जसं तो ओल्या मिरचीकडे पाहायचा.

पंकजनं लोटनचा शब्द खरा केला. सुतक फिटून कपाळाला पुन्हा गंध लागतं त्या दिवशी दोंडाईच्याच्या मंगल कार्यालयात पांढरे पडदे, पांढरे फुगे (फुगे! मयताच्या कार्यक्रमाला!) आणि स्टेजवर थर्माकोलचं व्हायोलिन. एक पुढारी म्हणाले, आबांच्या हृदयात वेदनेचा महासागर होता. लोटनच्या हृदयात काय होतं ते डॉक्टरांना ठाऊक, पण पोटात भरीत होतं एवढं मी शपथेवर सांगतो. मग पंकजनं मोबाईलवरून 'आबांचं आवडतं' म्हणून जे सोडलं ते कुणा माणसानं वाजवलेलंच नव्हतं. कॉम्प्युटरनं शिजवलेला ब्लूज, बिनमिठाच्या खिचडीसारखा, मधे मधे पावसाचा आवाज. दहा तास चालतं म्हणे. लोकांनी लगेच डोळे मिटले. काहींनी रुमाल काढले. इथं मिरचीसुद्धा नव्हती! नुसत्या सवयीनं रडत होते.

माझं डोकं फिरलं. सकाळीच लोटनच्या बायकोनं, वहिनींनी, ती पेटी आणि यंत्र माझ्या ताब्यात दिलं होतं; "न्या भाऊजी, नाहीतर पंकज त्या तबकड्यांची भिंतीवरची घड्याळं करील" म्हणून. मी यंत्र उचललं, स्टेजच्या कडेला नेऊन ठेवलं आणि साऊंडवाल्याला म्हटलं, जोड. पंकज धावत आला. "काका, फ्लो बिघडेल ना!"

"तुझ्या काकानं सांगितलंय. अडव मला."

त्यानं नाही अडवलं. मी लोटनचा क्रम सोडून थेट काचेच्या नळीवाल्याची तबकडी लावली, ज्यात माउथ ऑर्गनही मधे मधे तोंड घालतो. साऊंडवाल्याचे स्पीकरचे डबे होतेच फाटके. पहिलाच सूर असा कडाडला की पुढाऱ्यांच्या हातून पेढा पडला. लोक रुमाल तसेच धरून बसले. आता रडायचं की काय ते त्यांना कळेना. आणि मग बायकांच्या बाजूनं आवाज आला.

"हाऊ रडी नही ऱ्हायना रे! हाऊ ते भांडी ऱ्हायना!"

हा रडत नाहीये, भांडतोय, असं म्हणणारी ती अक्का होती, लोटनची थोरली बहीण. सोनगीरला दिलेली. मिरचीनं तिला धाप लागायची, म्हणून गोदामात तिनं कधी पाऊल ठेवलं नव्हतं आणि भावाचं गाणं आयुष्यात ऐकलं नव्हतं. पाय पसरून बसली होती, हनुवटीला हात. तो जाड्या आवाजाचा एक ओळ म्हणे, गिटार त्याला टोला देई, आणि अक्का शेजारणीला कोपरानं ढोसून सांगे, "त्याले घरमा घी नही ऱ्हायनी. देख, देख, ती मझारथून कशी उत्तर दी ऱ्हायनी!" तिला इंग्रजीतलं ओ की ठो येत नाही. दारात उभा नवरा आणि त्याला घरात न घेता आतून तोडून बोलणारी बायको, एवढं तिनं सुरांवरून ओळखलं, आणि नवरा तिसऱ्यांदा हरला तेव्हा ती एवढ्यानं हसली की तिची कवळी हलली. भावाच्या गंधमुक्तीला. नातेवाइकांनी असे चेहरे केले, जणू तिनं पंगतीत थुंकलं. एक म्हातारा म्हणाला, "अक्का, लाज धर थोडी." अक्का म्हणाली, "लाज तुमीनच धरा. मना भाऊ इतकं मज्यानं ऐके, आन माले सांगं नही कोन्ही."

तबकडी संपली. "आखो शे का?" तिनं विचारलं.

"शे, अक्का. पेटी भरीसन शे."

"मंग लाव."

मी पेटीपाशी बसलो आणि माझा हात थांबला. पहिली कोणती, हे आता मीही सांगू शकतो, वर सांगितलंच. दुसरी कोणती, हे लोटन समोरच्याचं तोंड बघून ठरवायचा. मांडी हलवणाऱ्याला एक, गप्प झालेल्याला दुसरी, फार हुशारी दाखवणाऱ्याला सगळ्यात चिखलातली. तो कसं ओळखायचा ते मी कधी विचारलं नाही. मला काय, तो लावायचा, मी ऐकायचो... अक्का माझ्याकडे बघत होती. मी अंदाजानं एक काढली आणि लावली.

आता मी रविवारी यंत्र घेऊन सोनगीरला जातो. अक्का ओट्यावर बसते, मी खाली. पलीकडून हायवेचे ट्रक जातात. मी फार विचार करून तबकडी निवडतो, तिचं तोंड नीट बघून. चार सूर होत नाहीत तोच तिचा खालचा ओठ बाहेर येतो, एक नाकपुडी वर जाते, आणि सगळ्या चेहऱ्यावर अशी काही शिसारी पसरते की मी यंत्राकडे बघायचं सोडून तिच्याकडेच बघत राहतो. ओळखीची आहे ती शिसारी. हॉस्टेलच्या खोलीत रोज सकाळी समोरच्या खाटेवर असायची.

"हाई नही," अक्का म्हणते. "दुसरी लाव."