नऊ ग्रहांत पृथ्वी नव्हती

इंदुताईंनी अंबाजींना पहिल्यांदा नीट पाहिलं ते शाळेच्या गच्चीवर, कागदाच्या लगद्याचे गोळे उन्हात वाळत घालताना. प्रत्येक गोळा ते हळूच फिरवून बघत होते, तव्यावरची भाकरी बघावी तसे. दोन वर्षं एकाच शाळेत काढूनही इंदुताईंना त्यांच्याविषयी एवढंच ठाऊक होतं, की हे चित्रकलेचे मास्तर, परभणीकडचे, बोलणं कमी.

मराठवाडा मुंबई राज्यात गेला आणि हैदराबाद आंध्रात, त्याला तेव्हा जेमतेम चार महिने झाले होते. हैदराबादच्या बरकतपुऱ्यातली मराठी बिऱ्हाडं एकेक करून औरंगाबाद, नांदेडची वाट धरत होती. वर्ग विरळ झाले. तात्पुरत्या जागा जाणार, हे सगळ्यांना कळून चुकलं होतं, आणि अंबाजींची जागा तात्पुरतीच होती. त्यांची बायको सावित्रीबाई नर्सचं शिक्षण घेत होती. नोकरी गेली तर दोघांना गावी भावाकडे परतावं लागणार आणि तिचं शिक्षण अर्ध्यावर सुटणार. म्हणून शाळेच्या तपासणीला शिक्षण खात्याचे साहेब येणार असं ठरल्यावर हेडमास्तर भगवंतरावांनी सूर्यमालेची प्रतिकृती करायचं काम त्यांच्याकडेच दिलं. साहेबांच्या नजरेत भरलं तर तुमच्या जागेसाठी शब्द टाकता येईल, असं ते म्हणाले.

तपासणीच्या आदल्या दुपारी प्रतिकृती हॉलमध्ये मांडली. देखणी होती. मध्ये तांबडाबुंद सूर्य, भोवती हिरवा बुध, पिवळा गुरू, काळानिळा शनी. विज्ञान शिकवणाऱ्या इंदुताई भोवती एक फेरी मारून आल्या आणि थबकल्या.

"मास्तर, यात पृथ्वी कुठंय?"

अंबाजी म्हणाले, "पृथ्वी कशी असेल बाई? आपण तर तिच्यावर उभे आहोत."

मग उलगडा झाला. पुस्तकात मध्ये सूर्य आणि भोवती ग्रह, ग्रह नऊ, एवढं वाचून अंबाजींना वाटलं, हे तर आपण रोज बघतो. ते राहायचे त्या गल्लीच्या टोकाला तेलुगू लोकांचं देऊळ होतं, आणि देवळात नवग्रहांचा चौथरा. तिथंही मध्ये सूर्यच. त्यांनी तो चौथरा जसाच्या तसा उतरवला होता. चंद्र, राहू, केतू यांच्यासकट.

भगवंतरावांनी कपाळावर हात मारला. "अंबाजी, सगळे ग्रह आणलेत आणि माणसं राहतात तेवढा एकच विसरलात!" हे सगळं झाकून ठेवा, उद्या फळ्यावरच्या आकृतीवर भागवू, असं सांगून ते निघून गेले.

अंबाजी पुसायचं फडकं हातात धरून उभे राहिले. आपण तर पृथ्वीवर उभे आहोत, हे त्यांचं म्हणणं इंदुताईंच्या मनातून जाईना. वर्षानुवर्षं त्या मुलांना पृथ्वी फिरते म्हणून सांगत आल्या होत्या. पण एकेकाळी शहाणीसुरती माणसं तिला मध्ये का बसवत होती, हे कधी त्यांनी सांगितलंच नव्हतं. ते कारण आत्ता समोर उभं होतं. त्या म्हणाल्या, झाकायचं नाही, जुनी आणि नवी, दोन्ही मांडण्या दाखवू. नवा गोळा वाळायला वेळ नव्हता, म्हणून राहूलाच निळा रंग देऊन पृथ्वी केली.

दुसऱ्या दिवशी साहेबांपुढे मुलांनी आधी पृथ्वी मध्ये ठेवली. भोवती चंद्र, बुध, शुक्र, मग सूर्य, त्याच्या पलीकडे मंगळ, गुरू, शनी. जुने लोक असं मानत, असं मुलं म्हणाली. मग सूर्य उचलून मध्ये आणला आणि पृथ्वीला शुक्र नि मंगळाच्या मध्ये जागा दिली. चंद्र तेवढा तिच्याबरोबर गेला. दुर्बिणीनं सापडलेले तीन ग्रह फळ्यावर काढले होते. केतू टेबलावर उरला, तेव्हा एका मुलीनं सांगितलं, हा गोळा नव्हेच. चंद्राची वाट सूर्याच्या वाटेला छेदते तिथली ती जागा, आणि ग्रहणं होतात ती अशा जागेपाशी.

साहेब तेलुगू होते, पण उर्दूत बोलत. त्यांनी अंबाजींनाच विचारलं, म्हणजे जुने लोक चुकले होते का?

भगवंतराव डोळ्यांनी गप्प राहा म्हणून खुणावत होते. अंबाजींनी आपल्या दखनी उर्दूत उत्तर दिलं, "ते उभे होते तिथून तसंच दिसतं, साहेब. कालपर्यंत मीपण तिथंच उभा होतो. पृथ्वी करायची मी विसरलो होतो, या बाईंनी दाखवून दिलं."

साहेब हसले नाहीत. निघताना त्यांनी अंबाजींना बाजूला बोलावलं. मराठी शाळेतली जागा वाचणार नाही, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. पण एका तेलुगू शाळेत चित्रकलेला माणूस हवा होता. तेलुगू येते का, असं विचारल्यावर अंबाजी म्हणाले, "बाजारापुरती."

"बाकीची तुम्हाला मुलं शिकवतील," साहेब म्हणाले.

जूनमध्ये अंबाजी तिकडे रुजू झाले. मुलांनी त्यांना तेलुगू शिकवली, चिडवत चिडवत का होईना. सावित्रीबाई शिकून नर्स झाल्या आणि पुढे मेट्रन म्हणून निवृत्त झाल्या.

हल्ली दोघं हैदराबादेतच, विद्यानगरात राहतात, आणि सकाळचा चहा अंबाजी करतात.